चहाच्या पुडीवर दारूचं नाव

  आज इतिहासावर बोलायचं आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले, लढाया आणि राजे आठवतात. पण चुलीवरच्या पातेल्यालाही इतिहास असतो. आज मी चहाचा इतिहास सांगणार आहे, आणि त्याच्या जोडीने दारूचाही. या दोन गोष्टी एका भाषणात कशाला, असं कुणी विचारेल, म्हणून कारण आधी सांगते.

आमचा गट गवती चहा, पुदिना, तुळस आणि लिंबाची साल सावलीत वाळवून विकतो. यंदा शहरातल्या एका दुकानदाराने मोठी ऑर्डर देऊ केली. पुदिना, गवती चहा आणि लिंबाची साल आम्ही द्यायची, त्यात हिरव्या चहाची पत्ती आणि वरून थोडा सुवास मिसळून पुड्या भरायच्या. भाव चांगला होता. अट एकच, पुडीवर आमच्या गटाच्या नावाखाली ठळक अक्षरात ‘मोहितो टी’ असं छापायचं. हे खपलं तर पुढे अननस आणि खोबऱ्याचा ‘पिना कोलाडा टी’ काढायचा. आजकाल असे चहा शहरात पुष्कळ मिळतात. दारूचा थेंब नसतो, पण नाव आणि चव कॉकटेलची असते.

आता मोहितो काय आणि कॉकटेल काय, हे आमच्यात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं तेव्हा बैठकीत दोन तट पडले. आमच्या गावात बायकांनी दारूचं दुकान बंद करायला मतदान घडवून आणलेलं आहे. त्याच बायकांच्या पुडीवर दारूचं नाव? दुसरा तट म्हणाला, नावात काय आहे, आत तर पुदिनाच आहे. मी बी. ए. ला इतिहास घेतला होता. म्हटलं, भांडण्याआधी हे नाव आलं कुठून ते तरी शोधू. जे सापडलं ते आज तुमच्यापुढे ठेवते.

सुरुवात कॉकटेलच्याही आधीपासून करू, आणि ती आपल्याच किनाऱ्यावरून करावी लागते. सुमारे चारशे वर्षांपूर्वी सुरत आणि आसपासच्या भागात इंग्रज व्यापारी आले. त्यांची मायदेशची बिअर आणि वाईन जहाजातून येईपर्यंत बिघडायची. इथे मिळायचा तो माडीपासून गाळलेला अर्क. आपण ओव्याचा अर्क म्हणतो, तोच हा शब्द. मूळ अरबी, अर्थ घाम. भांड्याच्या झाकणावर वाफेचे थेंब घामासारखे जमतात, म्हणून अर्क. गोव्याचा अर्क तेव्हा नावाजलेला होता. तो इंग्रजांना नुसता पिववत नव्हता. मग त्यांनी त्यात पाणी घातलं, लिंबू पिळलं, साखर घातली, वर जायफळासारखा मसाला किसला. अर्क, पाणी, लिंबू, साखर, मसाला. मोजा बरं किती झाले? पाच. म्हणून त्या पेयाचं नाव पडलं ‘पंच’.

जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर १६७० च्या दशकात मुंबई, सुरत, गोवा या भागात फिरला. शिवाजी महाराजांचा तो काळ. त्याचं प्रवासाचं पुस्तक १६९८ मध्ये छापलं गेलं. त्यात त्याने लिहून ठेवलं आहे की पाच वस्तूंचं म्हणून या पेयाला इथल्या भाषेतल्या पाच या आकड्यावरून नाव पडलं. काही अभ्यासक म्हणतात की नाव लाकडी पिंपाच्या इंग्रजी नावावरून आलं असेल. पण बहुतेक शब्दकोश आपल्या पाचाचाच धागा धरतात. इंग्रजीत हा शब्द १६३२ च्या एका पत्रात प्रथम दिसतो, आणि तेही पत्र हिंदुस्थानातल्या कंपनीच्या माणसाचंच आहे.

देवघरातलं आपलं पंचामृतही पाच वस्तूंचं. दूध, दही, तूप, मध, साखर. आकडा एकच आहे. एकात अमृत झालं, दुसऱ्यात नशा झाली. पाच वस्तू कोणत्या, यावर सगळं ठरतं.

हे पंच जहाजांवरून विलायतेला गेलं आणि तिथल्या श्रीमंतांच्या घरात मोठ्या वाडग्यातून वाढलं जाऊ लागलं. तोवर विलायतेत चहाही पोचला होता. मग कुणी पाण्याऐवजी त्यात चहाच ओतायला लागले. इंग्लंडच्या एका राजपुत्राच्या नावाने ‘रीजंट्स पंच’ म्हणून एक प्रकार प्रसिद्ध होता, त्यात हिरवा चहा पडायचा. म्हणजे चहा आणि दारू एका भांड्यात येणं हे आजचं फॅड नाही, दोनशे वर्षांचं जुनं आहे.

आता कॉकटेल. हा शब्द नक्की कशाला म्हणायचा, याचा खुलासा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राने १८०६ च्या मे महिन्यात छापला होता. वाचकाने विचारलं, संपादकाने उत्तर दिलं. कडक दारू, साखर, पाणी आणि कडू मुळ्या-सालींचा अर्क, असं ते मिश्रण. पंच वाडगाभर करायचं आणि दहा जणांनी प्यायचं. कॉकटेल एका पेल्यात, एकट्यासाठी. पुढे १८६२ मध्ये जेरी थॉमस नावाच्या माणसाने अशा पेयांच्या कृतींचं पुस्तकच छापलं, आणि कॉकटेल करणं हा एक धंदा झाला.

मोहितो हे क्यूबा देशाचं. रम, साखर, लिंबू, पुदिना आणि सोडा. यातली रम कशाची होते, हे ऊसतोडीला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणींना सांगायला नको. साखर काढून झाल्यावर कारखान्यात जी काळी मळी उरते ना, तिच्यापासून रम होते. क्यूबाच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबत होती. बायाही राबत होत्या, कोयता हातात घेऊन. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली १८८६ मध्ये. हे साल लक्षात ठेवा, त्याच सालची दुसरी एक गोष्ट पुढे येणार आहे. पिना कोलाडा हे प्वेर्तो रिको बेटावरचं, १९५४ च्या सुमाराचं, एका मोठ्या हॉटेलातलं. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ ‘गाळलेलं अननस’. म्हणजे नाव काही भयंकर नाही, पण त्यातही रमच.

ही झाली दारूच्या बाजूची हकिगत. आता चहाकडे येऊ.

चहाचं झाड चीनमधलं. आपल्याकडे आसामात सिंगफो लोक ते पूर्वीपासून वापरत होते, इंग्रजांना ते १८२३ च्या सुमारास कळलं. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला तो १८३९ मध्ये. ‘चहा’ हा आपला शब्दही चिनीच, ‘चा’ वरून आलेला. एक बारीक गोष्ट इथेच सांगून ठेवते. आपण ज्याला गवती चहा म्हणतो ते गवत आहे, चहा नव्हे. चहा त्या एकाच झाडाच्या पानांचा. बाकी सगळे काढे. विकताना हा फरक पुडीवर स्पष्ट असावा लागतो.

चहात दुसरे वास मिसळावेत की नाहीत, हे भांडणही फार जुनं आहे. चीनमध्ये आठव्या शतकात लू यू नावाचा एक जाणकार होऊन गेला. चहावरचं पहिलं मोठं पुस्तक त्याचं. त्या काळी लोक चहात कांद्याची पात, आलं, खजुरासारखं फळ, संत्र्याची साल आणि पुदिना टाकून उकळत. लू यूला याचा भारी राग. असा चहा म्हणजे गटारात ओतायचं पाणी, असं त्याचं मत होतं. चहात मीठ मात्र त्याला चालायचं! म्हणजे आपण आलं, गवती चहा, वेलदोडा घालून करतो तो चहा त्या पंडिताने तोंडात धरला नसता. पण लोकांनी त्याचं ऐकलं नाही. पुढे चीनमध्येच मोगऱ्याच्या जातीच्या फुलांचा चहा नावारूपाला आला. संध्याकाळी कळ्या खुडायच्या, रात्री उमलताना त्या चहाच्या पत्तीत मिसळून ठेवायच्या, सकाळी फुलं काढून टाकायची. असं चार-पाच रात्री केलं की पत्ती वास धरते. फूल पुडीत राहत नाही, वास राहतो. कष्टाचं काम आहे, पण लबाडी नाही.

लबाडी झाली ती विलायतेत. तिथे चहा महाग होता, कर भयंकर होता, म्हणून भेसळ फार. वापरलेली पत्ती वाळवून पुन्हा विकायची, दुसऱ्याच झाडांची पानं मिसळायची. बर्गमॉट नावाचं एक सुवासिक लिंबू इटलीत होतं. त्याच्या सालीचं तेल हलक्या चहाला लावून तो भारी म्हणून विकण्याचे प्रकार १८२० आणि १८३० च्या दशकांत झाले आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आज हाच वास ‘अर्ल ग्रे’ नावाने जगभर मानाने विकला जातो. ग्रे हा १८३० ते १८३४ या काळातला इंग्लंडचा पंतप्रधान. त्याला एका चिनी अधिकाऱ्याने ही कृती भेट दिली, अशी गोष्ट सांगतात, पण तिला आधार नाही. बघा, माल तोच. चोरून विकला तर भेसळ, आणि लेबलावर लिहून, वर मोठ्या माणसाचं नाव लावून विकला तर उंची चहा. नावाला किती किंमत असते, ते इथे कळतं.

आणि आता आपल्या प्रश्नाचा गाभा. चहा आणि दारू एका वाडग्यात होते हे खरं, पण ते एकमेकांसमोर उभेही ठाकले होते.

इंग्लंडमध्ये गिरण्या आल्या आणि मजुरांची दारूही वाढली. शनिवारी पगार, आणि रविवारी घरात पीठ नाही. हे चित्र आपल्याला नवीन नाही. १८३० मध्ये सरकारने कायदा करून बिअर विकणं सोपं केलं आणि गल्लोगल्ली दुकानं निघाली. प्रेस्टन नावाच्या गिरणगावात जोसेफ लिव्हसी हा चीज विकणारा व्यापारी होता. १८३२ मध्ये त्याने आणि सहा जणांनी मिळून शपथ घेतली की कोणतीच दारू प्यायची नाही, बिअरसुद्धा नाही. तोवरच्या दारूबंदीवाल्यांना बिअर आणि वाईन चालत असे, फक्त कडक दारू नको असे. गरिबाची दारू वाईट आणि श्रीमंताची चांगली, हा तो हिशेब. प्रेस्टनच्या लोकांनी तो मोडला.

पण माणूस गुत्त्यात नुसता दारूसाठी जात नाही. तिथे उजेड असतो, शेकोटी असते, चार सोबती असतात. ते सोडून त्याने जायचं कुठे? म्हणून या मंडळींनी मोठमोठी चहापानं भरवली. शेकडो लोक एका जागी, लांब टेबलं, पाव-लोणी, किटल्याच किटल्या. बायका-पोरं बरोबर. गुत्त्यात बायकोला जागा नव्हती, चहाच्या टेबलाला होती. चहाने नशा उतरली असं नाही, चहाने बसायला दुसरी जागा दिली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या गावात संध्याकाळी पुरुषांना आणि पोरांना बसायला दारूच्या टपरीशिवाय दुसरी जागा आहे का, हे एकदा आपापल्या गावात बघा.

आता अमेरिकेत जाऊ. ओहायो राज्यात १८७३ च्या हिवाळ्यात बायका घराबाहेर पडल्या. गुत्त्यांच्या दारात जाऊन बसल्या, गुडघे टेकून प्रार्थना केली, मालकांना दुकान बंद करायला विनवलं. त्यातून १८७४ मध्ये स्त्रियांची एक मोठी मद्यपानविरोधी संघटना उभी राहिली, विमेन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन. पांढरी फीत ही तिची खूण. फ्रान्सिस विलर्ड या बाईंनी तिचं पुढारपण जवळजवळ वीस वर्षं केलं. घरात दारू आली की मार खातात बायका आणि उपाशी राहतात पोरं, पण दुकान ठेवायचं की नाही हे ठरवायला बायकांना मत नाही, म्हणून बायकांना मताचा हक्क पाहिजे, इथपर्यंत त्या आल्या.

या संघटनेचा आणि आपला संबंध आहे. १८८६ च्या मार्च महिन्यात आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. क्यूबातली गुलामगिरी संपली तेच हे साल. रमाबाई पुढे १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या, गावोगाव बोलल्या, या संघटनेच्या बायकांबरोबर त्यांनी काम केलं. परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, आणि त्याच साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत छापलं. अमेरिकेतल्या बायका संघटना कशा बांधतात, सभा कशा चालवतात, दारूविरुद्ध कशा उभ्या राहतात, हे त्यात त्यांनी आपल्यासाठी लिहून आणलं. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी बाईने आपल्या मैत्रिणींना दिलेला तो अहवालच म्हणा ना. आपण प्रशिक्षणाहून आलो की गटाला सांगतो, तसाच.

आणि त्याच फिलाडेल्फिया शहरात चार्ल्स हायर्स नावाचा एक औषधविक्या होता. त्याची गोष्ट म्हणजे थेट आमच्या ‘मोहितो टी’ची गोष्ट. हा हायर्स स्वतः दारूला न शिवणारा. त्याने रानातल्या मुळ्या, साली आणि पानं वाळवून त्यांचं मिश्रण केलं. त्याचं पाकीट विकायचं, बायकांनी घरी साखर आणि यीस्ट घालून पेय करायचं. १८७६ मध्ये शहरात मोठं प्रदर्शन भरलं, तिथे त्याने ते लोकांपुढे मांडलं. त्याच्या मनात नाव होतं ‘रूट टी’, म्हणजे मुळ्यांचा चहा. पण असं सांगतात की त्याला कुणी सल्ला दिला, खाणीतले मजूर चहाच्या नावाने येणार नाहीत, याला ‘बिअर’ म्हण. म्हणून नाव ठेवलं ‘रूट बिअर’. हेतू चांगला. पुरुषांनी खऱ्या बिअरऐवजी हे प्यावं.

माल धडाक्याने खपला. पण १८९५ मध्ये त्याच पांढऱ्या फितीच्या बायकांनी त्यावर बहिष्कार पुकारला. नावात बिअर आहे, यीस्ट घालून आंबवलेलं आहे, मग यात दारू नाही कशावरून? हायर्स सांगून थकला. तीन वर्षं विक्री बसली. शेवटी १८९८ मध्ये प्रयोगशाळेत तपासणी झाली. अर्ध्या पावात जेवढा दारूचा अंश आपोआप तयार होतो, तेवढाच एका बाटलीत निघाला. बायकांनी बहिष्कार मागे घेतला. हायर्सने तो तपासणीचा निकाल वर्तमानपत्रांत छापून आणला.

यात कोण बरोबर? मला दोघंही बरोबर वाटतात. हायर्सच्या बाटलीत नशा नव्हती. पण बायकांनी शंका घेतली ती उगाच नाही. ज्या नावाने घर मोडतं, ते नाव गोड वस्तूवर दिसलं तर बाई दचकणारच. आणि शंका कशाने फिटली? शपथेने नाही, तपासणीने. बाटलीत काय आहे ते मोजून, लिहून दाखवल्यावर.

आपल्या महाराष्ट्राचंही थोडं सांगते. इंग्रज सरकारने १८७८ मध्ये मुंबई इलाख्यासाठी अबकारी कायदा केला. दारूवर कर, दारूचे ठेके, त्यातून सरकारी तिजोरी भरायची. जोतीराव फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये त्यांनी शहरात दारूच्या दुकानांना परवाने देण्याविरुद्ध लेखी हरकत घेतली. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आला. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. आणि गावोगावच्या बायकांना उभी बाटली आणि आडवी बाटली ही दोन चित्रं माहीत आहेत. मतपत्रिकेवर आडव्या बाटलीवर शिक्का मारायला किती जणी पहाटेपासून रांगेत उभ्या राहिल्या, ते तुम्हाला मी काय सांगू?

एवढं सगळं मी बैठकीत सांगितलं. मग आम्ही तो नमुन्याचा चहा करून पाहिला. चहाची पारख करणारे जसं करतात तसं, मोजून. शंभर मिली पाण्याला दोन ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, झाकण ठेवून सहा मिनिटं, दूध नाही, साखर नाही. भुरका मारून प्यायचा, म्हणजे चव सगळ्या तोंडात फिरते आणि वास नाकात चढतो. एरवी भुरका मारला की सासू रागावते, पण पारख करणारे मुद्दाम मारतात.

पहिला घोट लिंबाचा. मग पुदिन्याचा गारवा. तो आमचाच पुदिना होता, ओळखू आला. हिरव्या चहाचा थोडा तुरटपणा जिभेच्या कडेला. आणि सगळ्यात शेवटी, घोट गिळल्यावर, एक गोडसर जड वास मागे राहिला. काकवी करपली की येतो तसा. लेबल वाचणाऱ्या मुलीने सांगितलं, रमचा वास येण्यासाठी कृत्रिम सुवास घातला आहे, दारू नाही. तरुण मुलींना चहा आवडला. एकीने दुसरा कप मागितला.

आमच्या एका मावशींनी कप तोंडाजवळ नेला आणि घोट न घेताच खाली ठेवला. त्या फार बोलत नाहीत. म्हणाल्या, “पोरींनो, चव चांगली असंल. पण ह्यो वास तीस वरीस माझ्या घरात व्हता. ह्यो मी पैसं देऊन घेनार न्हाई, आन् इकनार बी न्हाई.” कुणी काही बोललं नाही. मग ऑर्डरच्या बाजूची एक ताई म्हणाली, “मावशी, तुमचं खरं. पण माझ्या पोरीची फी ह्या ऑर्डरीवर हाय.” हेही खरंच होतं.

मैत्रिणींनो, प्रश्न असा असतो. एका बाजूला वास, दुसऱ्या बाजूला फी. आम्ही दोन बैठका घेतल्या, हात वर करून मत घेतलं. ठरलं ते असं. पुदिना, गवती चहा, लिंबाची साल यांचं मिश्रण आम्ही देणार. रमचा सुवास घालायचा नाही. आमच्या गटाच्या नावाखाली दारूचं नाव छापायचं नाही. पुडीवर लिहायचं ‘पुदिना-लिंबू गवती चहा’, हिरव्या चहाची पत्ती असेल तर तीही लिहायची. दुकानदाराने ऑर्डर निम्म्यावर आणली. ती फीवाली ताई नाराज आहे, आणि तिची नाराजी मला अयोग्य वाटत नाही. उरलेल्या मालासाठी आम्ही दुसरं गिऱ्हाईक शोधतो आहोत. अजून पुरतं मिळालेलं नाही.

दुसऱ्या एखाद्या गटाने याच्या उलट ठरवलं तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. पुदिना, लिंबू आणि साखर यांच्यावर कुणा कॉकटेलची मालकी नाही. आपल्या आज्या उन्हाळ्यात पुदिना-लिंबाचं सरबत करतच होत्या. आणि पंच हे नावच जर आपल्या पाचावरून गेलं असेल, तर आपणही नवं नाव देऊ शकतो. माझं म्हणणं इतकंच की ठरवताना बाटलीशी झगडलेल्या बाईचं मत आधी विचारा, आणि मग हिशेबाची वही उघडा. दोन्ही ऐकल्याशिवाय ठरवू नका.

आता तीन कामाच्या गोष्टी सांगून थांबते.

पहिली, पुडीवर आत असेल ते सगळं लिहा. चहाची पत्ती आहे की नुसता काढा आहे, कृत्रिम सुवास आहे का, तारीख कोणती. अन्नपदार्थ विकायला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती करून घ्या. हायर्सला तपासणीने वाचवलं, आपल्यालाही तीच वाचवेल.

दुसरी, शहरात शिकायला किंवा कामाला गेलेल्या मुलींना आणि मुलांना हे जरूर सांगा. हॉटेलात ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ नावाचं एक पेय मिळतं. नावात टी आहे, रंग चहाचा आहे, आणि चहाचा थेंब नाही. त्यात व्होडका, जिन, रम, टकीला अशा चार-पाच कडक दारू असतात, वर थोडा कोला रंगापुरता. गोड लागतं म्हणून कळत नाही. आमच्या पुडीत नाव दारूचं आणि आत चहा होता. तिथे नाव चहाचं आणि आत दारू. नावावर जाऊ नका, आत काय आहे ते विचारा. विचारायला लाजू नका.

तिसरी गोष्ट तुमच्या पुढच्या बैठकीसाठी. घरी जे आहे त्यातल्या पाच वस्तू निवडा. गवती चहा, तुळस, आलं, पुदिना, ओवा, बडीशेप, लिंबाची साल, वाळलेलं जास्वंद, काहीही. मोजून मिश्रण करा, सहा मिनिटं झाकून ठेवा, सगळ्या जणींनी भुरके मारून प्या आणि काय काय लागलं ते वहीत लिहा. मग त्याला आपल्या गावचं नाव द्या. नाव काय ठेवलं ते आम्हाला कळवा, पुढच्या भाषणात वाचून दाखवीन.

नमस्कार.